बाक कुणाच्या मापाचा? : प्रकल्प नोंदी

१० डिसेंबर २०२४

विषय मंजूर झाला. मूळ अर्जात ‘महाविद्यालयीन तरुणांची शरीरमापे व प्रमाणबद्धता’ असं भलंमोठं शीर्षक होतं. मॅडमनी ते वाचून एवढंच विचारलं, ‘मोजून काय करणार?’ उत्तर तयार नव्हतं, म्हणून समोरच्या बाकाकडे बोट दाखवलं. तोच विषय ठरला. अठरा ते बावीस वयोगटातल्या पदवीच्या मुलामुलींची मापं घ्यायची आणि ती वर्गातल्या बाकांशी ताडून बघायची.

आपल्याकडे अशी मापं झालेलीच नाहीत असं नाही. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेनं १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. वस्तूंचे आराखडे करणारे आजही आधी तोच उघडतात. अलीकडे तयार कपड्यांच्या भारतीय मापांसाठी निफ्ट या फॅशन संस्थेनं मुंबईसह सहा शहरांत पंधरा ते पासष्ट वयाच्या पंचवीस हजार लोकांचं थ्रीडी स्कॅनिंग हाती घेतलं. तो कपड्यांचा मामला झाला. एका दुकानातला ‘एम’ दुसऱ्या दुकानात ‘एल’ का होतो, हे कुर्ती घ्यायला गेलेल्या कुणालाही ठाऊक आहे. बाक मात्र कुणी घालून बघत नाही. तीन वर्षं त्यावर बसून पदवी घेऊन जायचं, एवढंच.

१३ डिसेंबर

मुलांच्या आधी बाक मोजला. लोखंडी सांगाडा, वर प्लायवुड, डेस्क आणि बैठक एकमेकांना जोडलेली. बैठक जमिनीपासून ४६ सेंटिमीटर उंच आणि पुढून मागे ३३ खोल. डेस्कची वरची कड ७६ वर. पुस्तकं ठेवायच्या कप्प्याचा तळ ६० वर, म्हणजे मांडीला जागा १४. एकूण लांबी १२०, आणि तेवढ्यात तिघं.

मापं लिहून होईपर्यंत शिपाई मामा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, ‘मोजताय कशाला? सगळे एकाच साच्यातले हायत.’ खरंच होतं. चार खोल्यांतले बाक तपासले, फरक मिलिमीटरचा.

१७ डिसेंबर

साधनं मिळाली. विभागातला अँथ्रोपोमीटर जुना, मार्टिन पद्धतीचा आहे. चार तुकडे एकात एक बसवले की दोन मीटरची काठी होते आणि तिच्यावर सरकणारा दांडा मिलिमीटरपर्यंत माप देतो. याशिवाय न ताणणारा टेप, वजनकाटा, सुताराकडून आणलेला गुण्या, पाणसळ आणि एक सपाट, न डुगडुगणारं लाकडी स्टूल. जमीन सपाट नसेल तर पुढचं सगळंच व्यर्थ, म्हणून प्रयोगशाळेतली कुठली फरशी वापरायची हे पाणसळ ठेवूनच ठरवलं. दाराजवळची बाद झाली, खिडकीखालची चालली.

उंची मोजणं सगळ्यांना सोपं वाटतं. पण उभं करून डोक्यावर पट्टी टेकवली की झालं, असं नसतं. डोकं कुठल्या पातळीत धरायचं ते १८८० च्या दशकात फ्रँकफर्टला भरलेल्या परिषदेत ठरलं, आणि तीच रीत आजही चालते. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत यायला हवी. ‘सरळ बघ’ म्हटलं की दहातले आठ जण हनुवटी वर करतात, कारण लहानपणापासून उंची मोजताना सगळे तेच करत आलेले असतात. हनुवटी वर गेली की टाळू मागे जाते आणि उंची उलट कमी भरते. हे त्यांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. करून दाखवलं की हसतात.

वेळेचाही प्रश्न आहे. दिवसभर उभं राहून, बसून मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यांतलं पाणी कमी होतं आणि माणूस संध्याकाळपर्यंत साधारण सेंटिमीटरभर, कधी त्याहून जास्त बुटका होतो. उतार सगळ्यात जास्त असतो तो उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत. प्रकल्पातल्या माझ्या जोडीदारणीला सकाळी साडेसातच्या लेक्चरआधी मोजलं, १५८.६ भरली. संध्याकाळी पाचला १५७.४. ती म्हणाली, ‘लग्नाच्या बायोडेटात सकाळची टाका.’ आम्ही ठरवलं, सगळी मापं अकराच्या पुढेच घ्यायची.

२० डिसेंबर

आजचा दिवस एका रकान्यावर गेला.

माहितीपत्रकाचा कच्चा मसुदा मी केला होता. त्यात वय, लिंग, जन्मजिल्हा, आईवडिलांचा व्यवसाय, डावखुरा की उजवा, असे रकाने होते. गटातल्या एकानं सुचवलं की जातही घालू, पुढे कुणाला तुलना करायला उपयोगी पडेल. बाकीचे गप्प. मॅडमनी पेन काढलं नाही की आवाज चढवला नाही. त्यांनी आम्हाला रिस्लेची गोष्ट सांगितली.

हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज सनदी अधिकारी. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त. त्याआधी त्यानं लोकांची नाकं मोजली होती. नाकाची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर, हा नासिका निर्देशांक. त्यावरून त्यानं असा सिद्धांत मांडला की नाक जितकं रुंद तितकं समाजातलं स्थान खालचं. नाक मोजायचं साधन चोख, आकडे दशांशापर्यंत, आणि निष्कर्ष आधीच ठरलेला. त्याच काळात बंगालचे पोलीस गुन्हेगार ओळखण्यासाठी पॅरिसच्या बर्तियाँच्या पद्धतीनं डोक्याची, पायाची, मधल्या बोटाची मापं घेत होते. दोन शिपायांनी एकच माणूस मोजला तर आकडे जुळत नसत. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं आणि ती मापं मागे पडली.

मग विषय इरावती कर्व्यांवर आला, येणारच होता. त्या १९२७ ते १९३० बर्लिनला होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. कवटीची उजवी-डावी बाजू सारखी नसते, आणि हा फरक गोऱ्या युरोपीय वंशात वेगळा दिसेल अशी फिशरची अटकळ. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा संबंध दिसत नाही असं स्पष्ट लिहिलं. ज्याच्या हातात आपली पदवी, त्याच्याच अटकळीविरुद्ध. पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात आल्यावर त्यांनी महाराष्ट्रभर हिंडून माणसं मोजली, आणि तीही जातवार मोजली. एकाच नावाखाली मोडणाऱ्या पोटजातीसुद्धा एका मुळातून फुटलेल्या असतीलच असं नाही, हे मांडण्यासाठी त्यांनी ती मापं वापरली.

म्हणजे जात विचारून मोजणं सरसकट निषिद्ध, असं मॅडम म्हणत नव्हत्या. त्यांचा प्रश्न पहिल्या दिवशीचाच होता, मोजून काय करणार. बाकाची उंची ठरवायला जातीचा काय उपयोग? उपयोग नसलेली माहिती गोळा करून ठेवली की ती कुणाच्या तरी उपयोगी पडतेच, आणि तो कोण असेल हे आपल्या हातात राहत नाही. रकाना काढला. आईवडिलांचा व्यवसायही काढला. नाव आणि मोबाईल नंबरही गेला, फक्त क्रमांक राहिला. डावखुऱ्यांचा रकाना ठेवला, कारण सेमिनार हॉलमधल्या खुर्च्यांना लिहायची फळी उजवीकडेच आहे.

ज्यानं जात सुचवली होती तो घरी जाताना म्हणाला, ‘मला वाटलं सगळ्याच फॉर्मात असते.’ त्याचंही चुकलं नाही, असतेच.

३ जानेवारी २०२५

मोजणाऱ्यांची परीक्षा. जोडीदारीण आणि मी, दोघांनीही तीच माणसं आलटूनपालटून मोजली, आधीचा आकडा न बघता. दोन मापांमधल्या फरकाचा वर्ग, सगळ्यांची बेरीज, भागिले माणसांच्या दुप्पट, आणि त्याचं वर्गमूळ, ही मापनातली तांत्रिक त्रुटी. उंचीत ती नगण्य आली. खांद्याच्या रुंदीत चालण्याजोगी. कमरेच्या घेरात मात्र आमचं जमेना.

कारण दुसऱ्या फेरीत सापडलं. ती बेंबीच्या पातळीवर टेप धरत होती, मी शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर. जागतिक आरोग्य संघटनेची रीत ही दुसरी, आणि तीही साधा श्वास सोडून झाल्यावर. शिवाय टेप पाहिला की प्रत्येक जण पोट आत घेतो. त्यावर तिनं युक्ती काढली, मापाच्या वेळी विचारायचं, ‘आज डब्यात काय?’ उत्तर देताना श्वास सुटतो आणि पोट जागेवर येतं.

८ जानेवारी

मापं सुरू. एक कपाट आडवं लावून कोपरा बंद केला. मुलींना मुलगीच मोजणार, मुलांना मुलगा. संमतिपत्रक मराठीत आहे आणि त्यात ‘मध्येच नको वाटलं तर कारण न देता जाता येईल’ हे वाक्य ठळक छापलं आहे. एक मुलगी ते वाचून, बुटं काढून, काठीपाशी उभी राहिली आणि मग म्हणाली, नको. आम्ही थँक्यू म्हटलं. अर्ध्या तासानं मैत्रिणीला घेऊन परत आली आणि मोजून गेली.

वजनाचा आकडा मोठ्यानं वाचायचा नाही, हा नियम केला आहे. बाकी मापं एक जण उच्चारतो, लिहिणारा परत उच्चारतो आणि मग लिहितो, त्यानं चुका कमी होतात. वजनाला मात्र काटा लिहिणाऱ्याकडे तोंड करून ठेवला आहे. ज्याचं वजन त्यालाही, विचारलं तरच सांगायचं. मुलींना याची गरज पडेल असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सगळ्यात अवघडलेली होती ती सडपातळ मुलं. दोघांनी तर खिशातला मोबाईल आणि गाडीची किल्ली काढायचं टाळलं.

केसांचं काय करायचं, हे कुठल्याच मार्गदर्शिकेत आपल्या उपयोगाचं सांगितलेलं नाही. क्लचर काढायला लावला, अंबाडा सोडायला लावला, वेणी पुढे घेतली. मुलांचे जेल लावून उभे केलेले केस दांड्यानं दाबले की परत उभे राहतात. दांडा टाळूला टेकल्याचं मोजणाऱ्याला हाताला कळतं, तेवढ्यावर भिस्त.

१० जानेवारी

आज दोन मुलं लागोपाठ आली. पहिल्याची उंची १६५.२, दुसऱ्याची १६५.४. दोघंही एकाच वर्गातले, शेजारी उभे राहिले तर जुळे म्हणावेत. स्टुलावर बसवून बैठी उंची घेतली तर पहिल्याची ८३.१ आणि दुसऱ्याची ८८.० भरली. जवळपास पाच सेंटिमीटरचा फरक, आणि तो सगळा पायांत.

गुडघ्यामागच्या खळग्याची उंची आम्ही अशी घेतो: माणूस स्टुलावर, तळव्यांखाली पातळ फळकुटं एकेक करून सरकवत जायची, मांडी जमिनीला समांतर येईपर्यंत. मग खळग्यातल्या शिरेला दांडा टेकवून तळव्यापर्यंतचं अंतर. पहिल्याचं ४४ च्या आसपास, दुसऱ्याचं ४० सुद्धा नाही. दोघांना त्यांच्या रोजच्या बाकावर बसवलं. पहिल्याचे पाय बुटांसकट नीट टेकले. दुसरा टाचा उचलून, चवड्यांवर तोल सांभाळत बसला. मी म्हटलं, नेहमी असाच बसतोस? म्हणाला, नाही, नेहमी पुढच्या बाकाच्या पाईपवर पाय ठेवतो. हे वाक्य वहीत लिहून अधोरेखित केलं आहे.

कवायत, क्रिकेटची टीम, सगळीकडे आपण लोकांना उंचीनं लावतो. बसायच्या वस्तूला उंचीचा आकडा जवळपास निरुपयोगी आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. कुणी आलं नाही. मामांनी तिळगूळ दिला.

१८ जानेवारी

प्रकल्पात नसलेलं एक माप आजपासून चोरून घेतो आहोत. चोरून म्हणजे मॅडमना सांगून, पण अहवालात नाही.

‘साडेतीन हातांचा देह’ हे कीर्तनात, आजीच्या तोंडून, कुणाच्या तरी दहाव्याला, कधी ना कधी प्रत्येकानं ऐकलेलं असतं. प्रश्न साधा आहे, तो खरंच साडेतीन हात भरतो का? हात म्हणजे ज्याचा त्याचा हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. कोपर काटकोनात दुमडून, मागून गुण्या लावून हे अंतर घेता येतं.

हा हिशेब चरकसंहितेवरूनही करता येतो. तिच्या विमानस्थान या भागात शरीराची उंची स्वतःच्या बोटांनी चौऱ्याऐंशी अंगुळं सांगितली आहे. रूढ मापात एका हाताची अंगुळं चोवीस. चौऱ्याऐंशी भागिले चोवीस, साडेतीन. चरकसंहितेत तिथेच पुढे म्हटलं आहे की देहाची लांबी आणि पसरलेल्या हातांची रुंदी सारखी असते. हीच दुसरी गोष्ट रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसनं लिहिली आणि १४९० च्या सुमारास लिओनार्दोनं तिचं ते वर्तुळातल्या माणसाचं चित्र काढलं. हाताच्या बाबतीत मात्र व्हिट्रुव्हियस वेगळं सांगतो, हात हा उंचीचा चौथा हिस्सा. म्हणजे त्याचा देह चार हातांचा.

आमचे आकडे: उंची १६५.४, हात ४५.८, भागाकार ३.६१. एका मुलीची उंची १५२.३, हात ४१.९, भागाकार ३.६३. बाकीचेही बहुतेक याच आसपास आहेत, साडेतीनच्या जरा वर आणि चाराच्या बरेच खाली. आपल्याकडची म्हण रोमपेक्षा जवळ निघाली याचा गटात विनाकारण आनंद झाला. चहा सांगितला गेला.

वाव, म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी, उंचीएवढी असते हे मुलींच्या बाबतीत बऱ्यापैकी जुळतं. मुलांचा वाव उंचीपेक्षा बहुधा काही सेंटिमीटर जास्त येतो. दोन पोहणारे आणि एक व्हॉलीबॉलवाला तर फारच पुढे गेले. गावाकडे आजोबा दोर वावानं मोजत. दुकानदारानं मोजून दिलेला दोर घरी कमी कसा भरतो, यावरून त्यांची भांडणं व्हायची. कारण उघड आहे, आजोबा लांब हातांचे होते.

२४ जानेवारी

ट्रॅडिशनल डे. नऊवारी, फेटे, धोतरं, नथी. मोजण्यासारखं कुणी नव्हतं. आम्हीही नव्हतो.

२८ जानेवारी

व्हीलचेअरवर येणारी एक विद्यार्थिनी स्वतःहून आली. म्हणाली, मला वगळणार असाल तर तसं लिहा तरी. उभी उंची घेता येत नव्हती. अशा वेळी वाव घेतात आणि त्यावरून उंचीचा अंदाज करतात. पाठीच्या कण्याला बाक आलेल्या रुग्णांसाठीही दवाखान्यात हीच रीत आहे. तिचा वाव, हात, खांद्याची रुंदी, बसल्यावर कोपराची उंची, सगळं घेतलं.

मग ती आम्हाला वर्गात घेऊन गेली आणि कुठे बसते ते दाखवलं. पहिल्या बाकाच्या बाहेर, दारातून येणाऱ्यांच्या वाटेत, मांडीवर पॅड ठेवून. बाकाची बैठक डेस्कला जोडलेली असल्यामुळे चाकाची खुर्ची डेस्कखाली शिरतच नाही. इथे कुठलीच टक्केवारी काढायची गरज नाही. सुटं टेबल हवं, हे अहवालात पहिल्या पानावर घ्यायचं ठरलं.

४ फेब्रुवारी

जिमवाले आले. पाच जण एकत्र, बाह्या वर. सगळ्यांना एकच आकडा हवा होता, बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग.

आम्ही काढून दिला, पण सोबत थोडं पुराणही लावलं. वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं हे निरीक्षण बेल्जियमच्या आडोल्फ केतलेचं, १८३० च्या दशकातलं. तो खगोलशास्त्रज्ञ. ‘सरासरी माणूस’ ही कल्पनाही त्याचीच. बीएमआय हे नाव त्या भागाकाराला १९७२ साली अँसेल कीज यांनी दिलं. एका माणसाच्या तब्येतीचा निकाल त्यावरून लावावा असा केतलेचा इरादाच नव्हता, तो लोकसमूहांचं गणित मांडत होता.

पुण्यात बसून हे सांगताना केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं उदाहरण टाळणं अशक्य आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दिसायला सडसडीत आणि आतून चरबीदार, हा आपल्याकडचा नेहमीचा नमुना. म्हणूनच भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर आणि स्थूलतेची २५ वर धरतात. कमरेची रेघही खाली आहे, पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०.

पाचांपैकी ज्याचे दंड सगळ्यात मोठे, त्याचा बीएमआय २७ च्या वर गेला आणि कमर ७९. ज्याला सगळे ‘काडी’ म्हणत होते त्याचा २१.५ आणि कमर ८८. बोलावं की नाही याचा क्षणभर विचार पडला. आम्ही डॉक्टर नाही, आणि कमरेचं माप चारचौघांत सांगायचं नाही हा नियम वजनाइतकाच इथेही लागू. ‘काडी’ला नंतर एकट्याला गाठून एवढंच सांगितलं की कॉलेजच्या आरोग्य तपासणीला जा. तो म्हणाला, मी तर बारीक आहे.

१८ फेब्रुवारी

सरासरीचा दिवस.

१९५० साली अमेरिकन हवाई दलानं चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतली. कॉकपिट सरासरी माणसाला बसेल असं बनवायचं होतं. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण लेफ्टनंटनं, हा शिकलेला शारीरिक मानवशास्त्रच, आकडे उलटे तपासले. दहा मापं घेतली, प्रत्येक मापात मधले तीस टक्के ते ‘सरासरी’ धरले, आणि ४०६३ जणांपैकी दहाही मापांत सरासरी असलेले किती ते मोजलं. उत्तर शून्य आलं. पुढे सीट आणि पेडलं मागेपुढे सरकवता येणारी झाली.

तोच खेळ आमच्या तक्त्यावर केला. उंचीनं गाळलं, मग बैठ्या उंचीनं, मग खळग्याच्या उंचीनं. तिथेच यादी इतकी उतरली की नावं असती तर पाठ झाली असती. कोपराची उंची, मांडीची जाडी, खांद्याची रुंदी घालेपर्यंत कुणीच उरलं नाही. होणार हेच, हे माहीत होतं. तरी शेवटचा क्रमांक गळाला तेव्हा खोलीत ‘अरेरे’ झालं.

त्यामुळे सरासरी सोडून टोकं घेतली. या क्षेत्रातली रीत अशी आहे: पाय टेकायला हवेत, म्हणून बैठकीची उंची बुटक्या टोकावरून ठरवायची. मांडी अडकू नये, म्हणून कप्प्याखालची जागा जाड टोकावरून. बैठकीची खोली पुन्हा आखूड मांडीवरून, नाहीतर पुढची कड गुडघ्यामागे रुतते. हे लावून आमचा बाक तपासला.

बैठकीची ४६ ही उंची सहा फुटांच्या आसपासच्या मुलांना बरोबर बसते. आमच्याकडे असे अगदी थोडे. दीडशे सेंटिमीटरच्या मुलीचा खळगा ३८ च्या आसपास असतो, चपलेचे दोन धरले तर ४०. तिचे पाय सहा सेंटिमीटर अधांतरी. तीच मुलगी बसली की कोपर बैठकीपासून विसेक सेंटिमीटरवर येतं, म्हणजे जमिनीपासून ६६, आणि डेस्क ७६ वर. लिहिताना खांदा उचलूनच ठेवावा लागतो, तीन तासांचा पेपर असला तरी. उंच मुलाचं पायांपुरतं ठीक, पण बैठकीची ३३ खोली त्याच्या मांडीला पुरत नाही, आणि कप्प्याखालच्या १४ सेंटिमीटरमध्ये त्याची मांडी घासते. उंची सहा फुटी माणसाची, खोली आठवीतल्या पोराची, असा हा बाक आहे. वर १२० मध्ये तिघं. दंडासकट खांदे एकेकाचे ४० ते ४५, तिघांचे मिळून १२० ते १३५ भरतात. म्हणून मधला नेहमी पुढे वाकून किंवा मागे रेलून बसतो. आम्ही याला आळस समजत होतो.

६ मार्च

नवे बाक मिळणार नाहीत, हे कार्यालयातून सभ्य शब्दांत कळलं. बैठक कापून खाली आणायची तर डेस्कही खाली आणावा लागेल, मग उंच मुलांचे गुडघे कप्प्याला लागतील. वर्गात दोन उंचीचे बाक ठेवावेत ही मॅडमची सूचना. त्यावर एकानं विचारलं की बुटक्यांचा बाक कोणता हे लिहिलं तर त्यावर बसणार कोण? प्रश्न रास्त आहे. रंग वेगळा द्यायचा, काहीही लिहायचं नाही, असं तूर्तास.

स्वस्तातला उपाय वहीत दहा जानेवारीलाच अधोरेखित होता: पाय ठेवायचा पाईप. त्या मुलाला पाईप सापडतो तो पुढच्या बाकाच्या मागच्या पायांना जोडणारा, जमिनीपासून बराच वर, त्यामुळे गुडघे छातीकडे येतात. आपल्याला हवा तो सहा ते आठ सेंटिमीटरवर. आणि नुसता गोल पाईप नको, चवडा आणि टाच दोन्ही टेकतील अशी रुंद पट्टी हवी. ज्यांना नको त्यांना पाय तिच्यामागे जमिनीवर ठेवता आले पाहिजेत. डेस्कच्या उंचीवर हा इलाज नाही, हेही अहवालात लिहिलं आहे.

रस्त्यापलीकडच्या वेल्डरला आणून बाक दाखवला. त्यानं खाली वाकून सांगाडा हलवून पाहिला. ‘पट्टी मारून देतो, त्यात काय. पण पोरं त्यावर उभी राहणार. मागं उभं राहून गॅदरिंगला शिट्ट्या मारणार. दीड एमएमची नाय चालायची, तीनची घ्या.’ कुठल्याच मार्गदर्शिकेत नसलेला हा मुद्दा अहवालात त्याच्या शब्दांत घेतला.

१९ मार्च

एका बाकाला पट्टी लागली, सात सेंटिमीटरवर. खोलीत तो मुद्दाम मध्ये ठेवला, कुणाला काही सांगितलं नाही. दुपारपर्यंत त्यावर तिघी जणी बसल्या होत्या आणि त्यांनी पुढच्या तासालाही जागा सोडली नव्हती.

कार्यालय म्हणतं, उरलेल्या बाकांसाठी तीन कोटेशनं आणा. वेल्डर लेटरहेडवर लिहून द्यायला तयार नाही, कारण त्याच्याकडे लेटरहेड नाही. उद्या दुसरे दोघं शोधायचे. सुट्या टेबलाचा अर्ज वेगळा केला आहे, त्याला कोटेशन लागत नाही. भांडारात एक आहे, मामांनी दाखवलं. त्याची उंची मोजली, ७४. चाकाची खुर्ची हातांसकट खाली जाते.